बढाईखोर वेगळा, तोतया वेगळा

वाचकहो, पाण्याच्या संस्थेची बैठक म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते आम्हाला ठाऊक आहे. आवर्तन कधी सुटणार, चारी कुणी फोडली, टेलच्या शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही, पाणीपट्टी किती थकली. दोन तास आवाज चढतात, मग चहा येतो आणि मंडळी घरोघर जातात. अशाच एका पाण्याच्या संस्थेच्या बैठकीत एका माणसाने मारलेली थाप थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, असे सांगितले तर खरे वाटेल? पण तसे घडले आहे. आपल्याकडे नव्हे, अमेरिकेत. आणि तिथल्या न्यायमूर्तींनी त्या थापेवर जो निकाल दिला, त्यावर आपल्या चावडीवरही बोलले पाहिजे. कारण ती थाप फौजेतल्या शौर्याची होती, आणि फौजेची नोकरी ही आपल्या खेड्यापाड्यांतली घरची गोष्ट आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात किती घरांच्या भिंतीवर वर्दीतला फोटो आहे ते मोजत बसायला नको. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभा आहे. अशा मुलखात कुणी फुकटची फौजी शेखी मिरवली तर माणसांच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. जाणारच. म्हणूनच हा विषय डोके थंड ठेवून बघायला हवा.

बैठकीतली थाप

घटना जुलै २००७ मधली. कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिसजवळ क्लेअरमाँट नावाचे गाव आहे. तिथे थ्री व्हॅलीज नावाचा पाणी जिल्हा आहे. पाणी जिल्हा म्हणजे त्या भागाला घाऊक पाणी पुरवणारी सरकारी संस्था. तिचे संचालक लोक निवडून देतात. झेवियर अल्वारेझ हे गृहस्थ तिथे नव्याने संचालक झाले होते. नव्या माणसाने आपली ओळख करून द्यावी, तसे ते उठले आणि सांगू लागले. मी मरीन दलात २५ वर्षे काढली, २००१ साली निवृत्त झालो, १९८७ साली मला मेडल ऑफ ऑनर मिळाले, कैकदा जखमी झालो.

मेडल ऑफ ऑनर हे तिथले सर्वांत मोठे शौर्यपदक. आपल्याकडे परमवीरचक्र तसे ते. आपल्या देशात आजवर फक्त २१ जणांना परमवीरचक्र मिळाले आहे, यावरून अशा पदकाचे वजन तुमच्या ध्यानात येईल. तर अल्वारेझ यांच्या त्या सांगण्यातले एक अक्षरही खरे नव्हते. मरीन दल सोडाच, कुठल्याच दलात त्यांनी एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. हेच गृहस्थ आपण नामांकित संघातून बर्फावरची हॉकी खेळलो, मेक्सिकोच्या नटीशी आपले लग्न झाले होते, असेही सांगत. थोडक्यात, गावोगावी एक असतो ना, ज्याच्या गोष्टी ऐकून पोरेटोरे एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात, तशातला प्रकार.

आता एवढ्यावरून खटला कसा? तर तिथे २००५ च्या नावाने ओळखला जाणारा एक कायदा होता. त्याच्या नावाचा अर्थच 'चोरलेले शौर्य' असा. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी डिसेंबर २००६ मध्ये त्यावर सही केली. न मिळालेले पदक अंगावर लावणे हा गुन्हा आधीपासूनच होता. नव्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. पदक मिळाले असे नुसते खोटे बोलले तरी सहा महिने कैद, आणि ते खोटे मेडल ऑफ ऑनरबद्दल असेल तर एक वर्ष. अल्वारेझ यांनी अपिलाचा हक्क राखून गुन्हा कबूल केला. ५,००० डॉलर दंड, तीन वर्षे देखरेख आणि ४१६ तास समाजसेवा अशी शिक्षा झाली.

पण अपिलात सगळे फिरले. आधी वरच्या न्यायालयाने आणि मग २८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. माणूस खोटे बोलला हे सगळ्यांना मान्य. खोटे लाजिरवाणे होते हेही मान्य. तरी केवळ ते बोलला म्हणून सरकारला त्याला तुरुंगात टाकता येणार नाही, असा निकाल.

वाचून चीड आली ना? आम्हालाही पहिल्या वाचनात आली. पण न्यायमूर्तींची कारणे ऐकून घ्या.

न्यायालय काय म्हणाले

न्या. केनेडी यांनी मुख्य निकालपत्र लिहिले. त्यांचा पहिला मुद्दा असा की खोट्याला शिक्षा नाहीच, असे कुणी म्हणत नाही. शपथेवर खोटे बोलणे गुन्हा आहे. खोटे सांगून पैसा उकळणे गुन्हा आहे. खोटे पसरवून दुसऱ्याची अब्रू घेतली तर त्याचीही भरपाई आहे. सरकारी अधिकाऱ्याची तोतयेगिरी गुन्हा आहे. पण या प्रत्येक ठिकाणी खोट्यासोबत दुसरे काहीतरी आहे. कुणाचा तरी पैसा गेला, न्यायाचे काम बिघडले, कुणाची अब्रू गेली. 'चोरलेले शौर्य' कायद्याला मात्र यातले काहीच लागत नव्हते. भर सभेत बोला नाहीतर घरात बायकोच्या कानात कुजबुजा, नफा होवो न होवो, खोटे निघाले की गुन्हा.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा. आज पदकांबद्दलचे खोटे गुन्हा ठरवले, तर उद्या कोणत्या विषयावरचे खोटे गुन्हा ठरवायचे ही यादी कोण करणार? सरकार. आणि खरे काय, खोटे काय हे ठरवणारे खाते सरकारच्या हाती दिले, की त्या खात्याचा वापर पदकांपुरता राहील याची हमी कुणी द्यायची?

तिसरा मुद्दा उपायाचा. खोट्याला उतारा खऱ्याचा. अल्वारेझ यांचे पितळ कुणामुळे उघडे पडले? पोलिसांच्या दंडुक्यामुळे नव्हे. लोकांनी चौकशी केली, खरे बाहेर आले, गावात छी-थू झाली. पदक मिळालेल्यांची यादी सरकारने लोकांपुढे ठेवली तर कुणालाही दोन मिनिटांत पडताळा घेता येईल, असे न्यायालयाने सुचवले. निकालानंतर महिनाभरातच, जुलै २०१२ मध्ये, तिथल्या संरक्षण खात्याने मोठ्या शौर्यपदकांच्या मानकऱ्यांची यादी संकेतस्थळावर टाकली. साडेपाच वर्षे शिक्षेचा कायदा होता तेव्हा ही साधी यादी झाली नव्हती. कायदा गेला आणि यादी आली. यातले मर्म ज्याचे त्याने ओळखावे.

न्या. ब्रेयर आणि न्या. केगन यांनी निकालाला पाठिंबा दिला, पण वाट थोडी निराळी घेतली. माणसे कधी स्वतःची लाज राखायला, कधी दुसऱ्याला धीर द्यायला खोटे बोलतात, सगळ्यावर फौजदारी नको. कायदा अरुंद करा, नेमके नुकसान दाखवा, मग तो टिकेल, असे त्यांचे म्हणणे. आणि तसेच झाले. ३ जून २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यात एकच अट वाढवली. पैसा, मालमत्ता किंवा दुसरा कोणता प्रत्यक्ष लाभ मिळवण्याच्या हेतूने पदकाचे खोटे सांगितले, तर एक वर्षापर्यंत कैद.

अल्वारेझ यांचे पुढे काय झाले तेही सांगतो. पदकाच्या थापेची शिक्षा रद्द झाली खरी. पण माजी पत्नीला पाणी जिल्ह्याच्या आरोग्य विम्याचा लाभ लबाडीने मिळवून दिल्याबद्दल राज्याच्या न्यायालयाने त्यांना दोषी धरले होते. त्या खटल्याचा शौर्याच्या कायद्याशी काडीचाही संबंध नव्हता. साधा, जुना, फसवणुकीचा कायदा. लोकांच्या पैशाला हात लागला तिथे तो पुरेसा ठरला.

दुसरी बाजूही ऐका

पण आम्ही एकाच पारड्यात माप टाकतो आहोत असे होऊ नये. विरोधात तीन न्यायमूर्ती होते, आणि न्या. अलिटो यांनी लिहिलेले मतपत्र हलके नाही. त्यांनी दाखले दिले आहेत. व्हर्जिनिया राज्यात एका वर्षात ६०० हून अधिक रहिवाशांनी आपल्याला मेडल ऑफ ऑनर मिळाल्याचे खोटेच सांगितले. सैनिकांच्या आठवणी जतन करण्याच्या सरकारी उपक्रमात या पदकाचे मानकरी म्हणून ४९ जणांची नोंद झाली, त्यातले २४ खोटे निघाले. एक न्यायाधीश तर असे की त्यांनी दोन-दोन मेडल ऑफ ऑनर मिळाल्याचे सांगून नकली पदके आपल्या न्यायदालनात लावली होती! न्याय देणाऱ्याच्या डोक्यावर खोटे टांगलेले.

अलिटो यांचे म्हणणे असे की असल्या खोट्याला समाजात काडीची किंमत नाही, आणि त्याने खऱ्या वीराचे नुकसान होते. पदकाचे मोल ते दुर्मीळ असण्यात आहे. बाजारात खोटी नाणी आली की खऱ्या नाण्याकडेही लोक दातांनी चावून बघू लागतात. शिवाय यादीचा उपायही पुरता नाही. १९७३ साली सेंट लुईस इथल्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली आणि सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख नोंदी जळून गेल्या. जुनी पदके शोधायची कुठे?

आणि कागदपत्रांच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. ज्या आईने तिरंग्यात गुंडाळलेली पेटी दारात उतरताना पाहिली, तिने गावच्या जत्रेत एका थापाड्याच्या गळ्यात हार पडताना बघायचा, आणि कायद्याने म्हणायचे की हे त्याचे भाषणस्वातंत्र्य आहे? तिच्यापुढे उभे राहून हा निकाल समजावून सांगा बरे. जीभ रेटणार नाही. आमचीही रेटत नाही.

तरीसुद्धा आम्ही निकालाच्या बाजूने आहोत. का, ते आता आपल्या मातीत येऊन सांगतो.

आपल्या भाषेनेच फरक केला आहे

पानिपतच्या रणात १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी एक माणूस मीच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. पेशव्यांनी चौकशी केली, खोटा ठरवला, कैदेत टाकला. पुढे १७७६ साली सुटून त्याने माणसे जमवली, कोकणातले किल्ले घेतले, तेव्हा त्याला पकडून देहांत शासन झाले. 'तोतया' हा शब्द तेव्हापासून मराठी माणसाच्या जिभेवर पक्का बसला.

पण तोतया म्हणजे नुसता खोटे बोलणारा नव्हे, हे ध्यानात घ्या. एस.टी. स्टँडवर बसून एकाहत्तरच्या लढाईत मी रणगाडा उडवला म्हणून सांगणाऱ्या म्हाताऱ्याला आपण तोतया म्हणत नाही. त्याला बढाईखोर म्हणतो, थापाड्या म्हणतो, लोणकढी मारतोय म्हणतो. तोतया तो, जो खोट्या नावावर दुसऱ्याच्या हक्काचे काहीतरी पळवतो. गादी, किल्ला, जमीन, पेन्शन. न्यायमूर्ती केनेडींना जे सांगायला पानेच्या पाने लागली, ते मराठीने दोन शब्दांत सांगून ठेवले आहे. बढाईखोर वेगळा, तोतया वेगळा. कायद्याने तोतयाच्या मागे लागावे. बढाईखोराला गाव बघून घेईल.

आपला कायदाही बव्हंशी याच रेषेवर चालतो. सैनिक नसताना लोकांनी आपल्याला सैनिक समजावे म्हणून सैनिकाचा गणवेश घालणे किंवा खूण मिरवणे हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४० खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १६८ झाले. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आपल्याकडे वर्दी आणि खूण यांना कुंपण आहे. वर्दी बघून माणूस वाट सोडतो, दार उघडतो, विश्वास टाकतो, म्हणून ते कुंपण आम्हाला योग्यच वाटते. पण पारावर बसून नुसते 'मी फौजेत होतो' म्हणणाऱ्याला हे कलम लागत नाही. खोट्या डिस्चार्ज बुकावर माजी सैनिकाच्या राखीव जागेची नोकरी घेतली, घरपट्टीची सूट लाटली, तर बनावट कागद आणि फसवणूक यांची कलमे आहेतच.

राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये भाषणस्वातंत्र्य दिले आहे आणि त्याला कोणत्या कारणांसाठी लगाम घालता येईल त्याची यादीही दिली आहे. देशाची अखंडता, सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीती, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यादी पुन्हा वाचा. त्यात 'खोटे' हा शब्द नाही. घटनाकारांना खोटे बोलणारी माणसे माहीत नव्हती असे थोडेच आहे?

बीडचा धडा

तोतया कसा असतो ते मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ज्यांनी रझाकारांशी झुंज दिली, भूमिगत राहून हाल सोसले, त्यांच्यासाठी स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन आली. आणि बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे पीक निघाले. खोटी प्रतिज्ञापत्रे, खोटे साक्षीदार, आणि त्यावर दरमहा पेन्शन. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्याकडून चौकशी झाली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचून २००५ साली त्यावर निकाल झाला.

इथे भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न कुणी काढला का? नाही. कारण इथे बोलणे नव्हते, लुटणे होते. खऱ्या सैनिकाच्या ताटातला घास होता. गंमत बघा, पारावर ज्याने नुसत्याच रझाकारांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या त्याने सरकारचा एक पैसाही नेला नाही. ज्याने पेन्शन लाटली तो कदाचित पारावर एक शब्दही बोलला नसेल. त्याने गुपचूप कागद रंगवला. बोलण्यावर शिक्षा ठेवली असती तर पहिला सापडला असता आणि दुसरा सुटला असता. शिक्षेचा रोख तोंडावर ठेवायचा की कागदावर, याचे उत्तर बीडने दिलेले आहे.

खरे कोण ठरवणार?

आता मूळ गाठ. तुम्ही म्हणाल, आम्ही काय थापाड्यांची वकिली करायला बसलोय? नाही. आम्हाला काळजी थापाड्याची नाही, तुमची आहे.

ग्रामसभा डोळ्यांपुढे आणा. एक शेतकरी उठतो आणि म्हणतो, ओढ्यावरचा बंधारा कागदावरच झालाय, निम्मे पैसे खाल्ले. दफ्तरात बंधारा 'पूर्ण' आहे. मोजमाप पुस्तिकेत सह्या आहेत. प्रत्यक्षात बंधारा झाला आहे, पण पाया कच्चा, आणि खाल्ले ते निम्मे नव्हे, चौथा हिस्सा. म्हणजे काटेकोर बघितले तर शेतकरी खोटे बोलला! 'खोटे बोलणे' हाच गुन्हा असेल तर पहिली नोटीस कुणाच्या दारात लागेल? कंत्राटदाराच्या की त्या शेतकऱ्याच्या? गावातल्या माणसाकडे लेखापरीक्षणाचा अहवाल नसतो. त्याच्याकडे डोळे असतात, ऐकीव माहिती असते आणि संताप असतो. तो बोलताना चुकणार. चुकीची भीती घालून त्याला गप्प केले की कच्चा बंधाराही 'पूर्ण' होऊन जातो. अल्वारेझ जाणूनबुजून खोटे बोलले आणि शेतकरी चुकला, हा फरक आहेच. पण जाणूनबुजून बोलला की चुकून, हे ठरवेपर्यंत चार तारखा, दोन वकील आणि एक म्हैस विकून झालेली असते.

ही भीती पोकळ नाही. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी समाजमाध्यमांवरचा कोणता मजकूर खोटा ते सरकारच्याच पथकाने ठरवावे, अशी नियमदुरुस्ती केंद्राने २०२३ साली केली होती. ती मुंबई उच्च न्यायालयात आली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, म्हणून प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. अतुल चांदुरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. अमेरिकेतल्या पाणी संस्थेची थाप आणि मुंबईतला हा खटला यांत हजारो मैलांचे अंतर आहे, पण प्रश्न तोच. ज्याच्याबद्दल बोलायचे तोच खरे-खोटे ठरवणार असेल, तर बोलायचे कसे?

आणि मघाच्या त्या आईकडे वळून आम्ही एवढेच म्हणू. मावशी, तुमच्या लेकाचा मान त्या थापाड्याच्या तोंडात नाही, की त्याने थुंकला म्हणून तो बाटावा. तुमचा लेक ज्या देशासाठी गेला, त्या देशात साध्या माणसाने सरकारपुढे तोंड उघडायला भिऊ नये, हाही त्याच्याच मानाचा भाग आहे. पण त्या थापाड्याच्या गळ्यात हार घालणारे आम्ही गावकरी, तो दोष आमचा. तो कायद्यावर ढकलता येणार नाही.

मग गावाने काय करावे?

थापाड्याला शिक्षा नको म्हणजे त्याला मोकळे रान द्या, असे नव्हे. फौजी मुलखात त्याचा उतारा जुनाच आहे. खरा फौजी त्याला दोनच प्रश्न विचारतो. पलटण कोणती? ट्रेनिंग कुठे झाले? मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगाव सांगेल, तोफखान्याचा असेल तर नाशिकरोड निघू शकेल, महार रेजिमेंटचा असेल तर सागर. पुढच्या दोन वाक्यांत पितळ उघडे पडते. पारावर हशा पिकतो आणि गडी महिनाभर त्या बाजूला फिरकत नाही. यापेक्षा स्वस्त न्यायालय कुठे आहे?

पण हे काम हशावर सोडून भागणार नाही. आमच्या चार सूचना आहेत.

एक, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला शाल-नारळ देण्याआधी ग्रामपंचायतीने खात्री करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्याचसाठी आहे. माजी सैनिकाचे ओळखपत्र असते, डिस्चार्ज बुक असते. शौर्यपदकांच्या मानकऱ्यांची माहिती संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, शाळेतला पोरगाही मोबाइलवर बघून सांगेल. खऱ्या फौजीला कागद मागितल्याचा राग येत नाही. तो पेटीतून काढून अभिमानाने पुढे ठेवतो.

दोन, प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावच्या आजी-माजी सैनिकांचा फलक दर्शनी लावावा. नाव, पलटण, सेवेची वर्षे. खरे ठळक लिहिलेले असले की खोट्याला जागा उरत नाही.

तीन, सवलतीचा प्रत्येक कागद तपासा, आणि तिथे मात्र दयामाया नको. घरपट्टी असो, राखीव जागा असो, पेन्शन असो. तिथे सापडला तो तोतया. त्याच्यावर गुन्हा नोंदवा, घेतलेले वसूल करा, आणि त्याला दाखला देणाऱ्या पुढाऱ्यालाही सोडू नका.

चार, विचारा, पण अंगावर धावून जाऊ नका. अमेरिकेतल्या त्या आगीत खऱ्या सैनिकांचेच कागद जळाले होते. आपल्याकडेही पुरात घर गेले, कौले उडाली, पेटीला वाळवी लागली, असे खरे म्हातारे फौजी असतात. ऐंशीच्या घरातला माणूस वर्ष चुकतो, ठाणे चुकतो. त्याला चारचौघांत खोटा ठरवून उद्या तो खरा निघाला, तर ते पाप फेडायला जागा नाही.

वाचकहो, थापाड्याला आम्ही मान देत नाही. त्याच्या आडून तुमच्या तोंडाला कुलूप लागू नये एवढेच आमचे म्हणणे. येत्या ग्रामसभेत ती सैनिकांच्या फलकाची मागणी करा. आणि कुणी उठून म्हणालाच, मीही लढाईत होतो, तर पोलीस पाटलाला हाक मारू नका. शेजारी बसलेल्या खऱ्या फौजीकडे बघा. त्याचे दोन प्रश्न तयारच असतील.